महागडे घड्याळ घेताना काय मागावे: भेटवस्तू, सवलत की लिहून घेतलेली सेवा?

धंतोलीकर

नमस्कार मंडळी.

माझ्या दवाखान्याला यंदा वीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने स्वतःसाठी एक चांगले स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचे मी ठरवले आहे. ब्रँडचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ते दिले की चर्चा घड्याळाच्या गुणदोषांकडे वळते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. घड्याळ पोलादी असून त्याला साखळीचा पट्टा आहे, छापील किंमत सर्व करांसह ६,४०,००० रुपये आहे आणि ब्रँडची वॉरंटी पाच वर्षांची आहे, एवढी माहिती पुरेशी व्हावी.

नागपुरातल्या एका अधिकृत विक्रेत्याने किमतीत एक रुपयाही कमी होणार नाही असे सांगितले, मात्र त्याऐवजी भेटींची मोठी यादी पुढे केली. त्यात घड्याळ फिरते ठेवणारी पेटी, म्हणजे वाइंडर, प्रवासासाठी चामड्याची डबी, एक जादा पट्टा, एका हॉटेलातले दोघांच्या जेवणाचे कुपन आणि दुकानाची स्वतःची दोन वर्षांची 'वाढीव वॉरंटी' एवढ्या गोष्टी आहेत. या सगळ्याचे मूल्य त्यांच्या सांगण्यानुसार पंचाहत्तर हजार रुपये होते. मुंबईतला दुसरा अधिकृत विक्रेता ८ टक्के सूट, म्हणजे ५१,२०० रुपये, थेट बिलातून कमी करायला तयार आहे, पण सोबत काहीही देणार नाही. घड्याळ तिथे जाऊन घ्यावे लागेल किंवा विमा उतरवलेल्या कुरिअरने येईल.

वागणुकीबद्दलही दोन शब्द लिहिते. नागपूरच्या दुकानात घड्याळ मी मागितले, पण तिथल्या तरुण विक्रेत्याने ट्रे आणून ठेवला तो माझ्या यजमानांसमोर, आणि माझ्यासाठी न मागता लहान तबकडीचे, खडे जडवलेले एक मॉडेल बाहेर काढले. आपण केवळ गाडी चालवायला आलो आहोत, असे यजमानांनी सांगितल्यावर त्याची फार पंचाईत झाली. नंतर मात्र तिथल्या ज्येष्ठ गृहस्थांनी स्वतः बसून यंत्र, वॉरंटी आणि सर्व्हिसिंग यांची माहिती इतक्या नीट दिली की मनातला राग बराचसा उतरला. मुंबईच्या दुकानाशी सगळे बोलणे व्हॉट्सॲपवरच झाले; उत्तरे तत्पर होती, पण प्रत्येक उत्तर किमतीपाशीच येऊन थांबत होते.

आकडे पाहिले तर पंचाहत्तर हजार हे एकावन्न हजारांपेक्षा जास्त आहेत, पण मला ही तुलना पटत नाही. ज्यांनी अशी खरेदी केली आहे किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिसरा काटा

डॉक्टर, आमच्या घरी घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय दुसऱ्या पिढीत चालू आहे आणि इतवारीतल्या आमच्या टेबलावर अशी 'भेट मिळालेली' वाइंडरे नेहमी येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एकच ऑटोमॅटिक घड्याळ असलेल्या आणि ते रोज वापरणाऱ्या माणसाला वाइंडरचा काहीही उपयोग नाही. हाताच्या हालचालीने घड्याळाला चावी मिळतच असते आणि आजच्या बहुतेक चांगल्या यंत्रांची साठवण दीड ते तीन दिवसांची असते. शनिवारी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी बंद पडलेले आढळले, तर चावी देऊन वेळ लावायला एक मिनिट पुरते. त्यातही स्वस्त वाइंडरची मोटर चांगल्या प्रतीची नसते आणि दिवसाला किती फेरे व कोणत्या दिशेने, हे तुमच्या यंत्राला जुळणारे नसेल, तर ती पेटी कपाटात जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही. जेवणाच्या कुपनाबद्दल मी बोलत नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. जादा पट्टा ब्रँडचा मूळ असेल, तर त्याला खरी किंमत आहे. बाजारातला असेल, तर त्याची किंमत आपल्याला सीताबर्डीवर कोणीही सांगेल.

यादीत जे नाही, त्याकडे मात्र मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली गोष्ट पट्टा मापाचा करून घेण्याची. ही फुकटात होणारी किरकोळ बाब समजली जाते, पण दुकानातल्या माणसाचा हात कसा आहे ते इथेच कळते. साखळीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात आणि पिन त्या बाणाच्याच दिशेने बाहेर काढायची असते. स्क्रूची साखळी असेल, तर पेचकसाचे टोक खाचेत अचूक बसले पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा येतो. कड्या दोन्ही बाजूंनी तोलून काढाव्या लागतात, म्हणजे कुलूप मनगटाच्या बरोबर मधोमध येते. आपल्याकडे मे महिन्यात मनगट सुजते आणि डिसेंबरात ते बारीक होते, त्यामुळे माप घेताना कुलपातल्या बारीक समायोजनाची एखादी जागा दोन्ही बाजूंना शिल्लक ठेवायला सांगावी. काढलेल्या कड्या मोजून घरी आणाव्यात. त्या दुकानातच राहून गेल्याने पुढे विकताना भाव पडलेली घड्याळे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट पाणीबंद चाचणीची. घड्याळावर १०० मीटर लिहिलेले असले, तरी ते पाणी अडवते रबराच्या बारीक रिंगांच्या जोरावर, आणि रबर वयानुसार कडक होते. दरवर्षी दाबयंत्रात केलेली चाचणी ही वाइंडरपेक्षा कितीतरी मोलाची भेट आहे, आणि दुकानाकडे यंत्र असेल, तर त्यांना ती देणे फारसे जडही जात नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळेचे, प्रमाणपत्र देणारी सीओएससी ही स्विस संस्था प्रत्येक यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत तपासते, आणि दिवसाचा सरासरी फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असेल तरच प्रमाणपत्र देते. आपला उन्हाळा त्यातल्या सर्वांत वरच्या तापमानालाही मागे टाकतो. मनगटावर असेपर्यंत घड्याळ शरीराच्या आसऱ्याला असते, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नये.

मिहानवासी

इतका विचार कशाला करायचा, असा माझा भाबडा प्रश्न आहे. दुबईला जाणारे कोणी ना कोणी ओळखीचे असतेच. तिथे मूल्यवर्धित कर ५ टक्के आहे, पर्यटकाला त्याचा परतावाही मिळतो आणि घड्याळ हातावर घालूनच परत यायचे असते. नागपूर आणि मुंबई हा वादच त्यामुळे मिटतो.

जमाखर्च

मिहानवासी भाऊ, हातावर घातले म्हणून ते घड्याळ सीमाशुल्कातून सुटत नाही. परदेशात विकत घेतलेली वस्तू प्रवाशाच्या मोफत मर्यादेपेक्षा जास्त किमतीची असेल, तर ती जाहीर करून शुल्क भरावे लागते आणि न भरल्यास जप्ती व दंडाची पाळी येते. शुल्क भरून आणले तर फरक फारसा उरत नाही आणि न भरता आणले तर त्या घड्याळाचा भारतातला विमा, विक्री, वारसा या सगळ्याच गोष्टी अडचणीच्या होतात. सनदी लेखापाल म्हणून हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

डॉक्टरांच्या प्रश्नाची करविषयक बाजू थोडक्यात सांगतो. मनगटी घड्याळावर जीएसटी १८ टक्के आहे आणि तो छापील किमतीत धरलेलाच असतो. ६,४०,००० रुपयांमध्ये कराचा वाटा सुमारे ९७,६०० रुपयांचा आहे. सूट बिलावर दाखवली की कर कमी झालेल्या किमतीवरच लागतो, म्हणून ८ टक्क्यांची सूट ही विक्रेत्याच्या खिशाला पूर्ण ५१,२०० रुपयांची बसत नाही. त्यातला काही भाग कमी झालेल्या कराचा असतो. भेटवस्तूचे उलट आहे. मोफत दिलेल्या वस्तूच्या खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वळता करण्याची सोय, दुकानदाराला केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे सोडून द्यावी लागते. म्हणजे भेट त्याला दिसते त्यापेक्षा महाग पडते आणि तुम्हाला सांगितली जाते त्यापेक्षा ती स्वस्त असते. या व्यवहारात दोघांचाही तोटा आहे, म्हणून सूट मागण्यात संकोच करू नये.

दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावाच लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. 'थोडी रोकड द्या, बिल कमीचे करतो' असा प्रस्ताव कोणी ठेवलाच, तर तो सवलत म्हणून मोजू नये, कारण विमा आणि वॉरंटी या दोन्हींचा आधार ते बिलच असते. शिवाय १० लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, वसूल करतो. तो वरच्या रकमेवर नव्हे, तर संपूर्ण किमतीवर असतो. १२ लाखांच्या घड्याळावर १२,००० रुपये. विवरणपत्र भरताना तो आपल्या करातून वळता होतो, त्यामुळे तो खर्च नसून अडकलेला पैसा आहे. डॉक्टरांच्या घड्याळाला तो लागू नाही, पण इथे वाचणाऱ्या इतर कोणाला लागू शकतो.

गल्ल्यावरचा

मी अनेक वर्षे घड्याळांच्या शोरूममध्ये व्यवस्थापक होतो, आता त्या व्यवसायात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

सूट का देत नाहीत, हे ग्राहकांना क्वचितच नीट सांगितले जाते. मोठे ब्रँड आपल्या विक्रेत्यांनी जाहीरपणे भाव पाडू नयेत यासाठी बारीक लक्ष ठेवून असतात, कारण एका शहरात दिलेली सूट दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरते. म्हणून दुकाने वेगळ्या वाटेने ग्राहकाला खूश करतात आणि त्यातून या भेटी जन्माला येतात. वाइंडर, छत्री, टोपी, पेन, कफलिंक यांतल्या बऱ्याच वस्तू ब्रँडकडून किंवा घाऊक बाजारातून येतात आणि ग्राहकाला सांगताना त्यांची छापील किंमत सांगितली जाते. पंचाहत्तर हजारांची ती यादी दुकानाला प्रत्यक्षात त्याच्या एका लहान हिश्श्यात पडली असणार, यात मला शंका नाही. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही, पण बोहारणीकडून मिळालेल्या पातेल्याची जशी किंमत धरतात तशीच ती धरावी.

तरीही नागपूरच्या दुकानाची बाजू मी घेणार आहे. आपल्या शहरात महागड्या घड्याळांचा ग्राहक मोजकाच आहे, आणि धरमपेठेत, सदरला किंवा वर्धा रोडला दुकान चालवणाऱ्याला त्या मोजक्या ग्राहकांना पुढची दहा वर्षे तोंड दाखवायचे असते. मुंबईच्या दुकानात तुम्ही एका व्यवहाराचे ग्राहक असता. इथे तुमच्यासोबत तुमची बहीण, तुमचे सहकारी डॉक्टर आणि पुढे मुलांची लग्ने येतात, हे मालकाला ठाऊक असते. ही ताकद ग्राहकांनी वापरली पाहिजे. तरुण विक्रेत्याने जे केले ते लाजिरवाणे आहे आणि मालकाला ते जरूर सांगावे. माझ्या अनुभवात अशी तक्रार शांतपणे केली, तर बोलणी तुमच्या बाजूला झुकतात.

मागायचे काय, तर सर्वप्रथम किमतीची हमी. स्विस ब्रँड अधूनमधून भाव वाढवतात आणि बुकिंग केलेले घड्याळ येईपर्यंत नवी किंमत लागू झाली, तर वाद होतो. आगाऊ रकमेच्या पावतीवर मॉडेल क्रमांक, ठरलेली किंमत, घड्याळ येण्याचा अंदाजित महिना आणि घड्याळ न आल्यास रक्कम पूर्ण परत, एवढे लिहून घ्यावे. भाव करायला धनत्रयोदशीच्या गर्दीत जाऊ नये. मार्चअखेरीस, विक्रीचे उद्दिष्ट गाठायची घाई असते, तेव्हा हेच लोक जास्त मोकळे असतात.

एक गोष्ट मात्र कधीही मान्य करू नये. मागणी असलेले मॉडेल हवे असेल, तर आधी दागिना किंवा दुसरे घड्याळ घ्या, मग तुमचे नाव वर येईल, असे काही ठिकाणी सूचित केले जाते. मी नोकरीत असताना हे प्रकार बाहेर पाहिले आहेत आणि मला ते कधीच पटले नाहीत.

मिहानवासी

दुबईचा मुद्दा मी मागे घेतो. पण 'सेवा, सेवा' हे सगळे विक्री होईपर्यंतच असते, असे माझे मत आहे. माझ्या मामांचे घड्याळ एका दुकानाने वॉरंटीत पाठवले आणि ते परत यायला एवढा काळ गेला की मामांनी मधल्या काळात दुसरे घेतले. दुकानाचे उत्तर एकच असायचे, 'कंपनीकडून अजून आले नाही.' मग रोख सूट घ्यावी आणि पुढचे पुढे पाहावे, हे शहाणपणाचे नाही काय?

सिव्हिल लाइन्स

मिहानवासी यांच्या मामांनी घड्याळ देताना जॉबकार्ड, म्हणजे दुरुस्तीला दिल्याची नोंदपावती, घेतले होते काय आणि त्यावर परतीची तारीख होती काय, हे मला विचारायचे आहे. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी असते आणि मग आमच्यासारख्या वकिलांच्या हाती फारसे काही उरत नाही.

गल्ल्यावरचा यांनी सांगितलेली जोडखरेदीची अट कायद्यातही बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये प्रतिबंधक व्यापारी प्रथेची व्याख्या आहे आणि एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची पूर्वअट घालणे त्यात स्पष्टपणे येते. भेटवस्तूंचाही उल्लेख त्याच कायद्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. कलम २(४७) खाली जाहीर केलेली भेट न देण्याच्या हेतूनेच जाहीर करणे, किंवा आकारलेल्या किमतीतच पूर्णतः वा अंशतः वसूल केलेली वस्तू मोफत दिल्याचा आभास निर्माण करणे, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. त्यामुळे 'मोफत' म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट बिलावर किंवा दुकानाच्या लेटरहेडवर, वर्णनासह लिहून मागावी. 'एक पट्टा' असे नको, तर पट्ट्याचा ब्रँड आणि क्रमांक हवा.

काही बिलांच्या तळाशी अजूनही 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य छापलेले असते. माल सदोष असेल, तर त्या वाक्याला घाबरण्याचे कारण नाही. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, हीदेखील याच कलमानुसार अनुचित प्रथा आहे. घड्याळ घरी आणल्यावर पहिला महिनाभर त्याची वेळ रोज तपासून लिहून ठेवावी, असे मी माझ्या पक्षकारांना सांगतो.

मुंबईहून घेतले तर तक्रारीसाठी मुंबईला खेटे घालावे लागतील, ही भीती आता उरलेली नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगापुढे चालतात, पाच ते दहा लाखांच्या व्यवहारासाठी शुल्क केवळ २०० रुपये आहे आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तर बरीच दुकाने तेवढ्यानेच हालचाल करतात.

धंतोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांचे मुद्दे मी छापून घेतले आहेत. काटा काका, एक शंका राहिली. दुकानाची दोन वर्षांची 'वाढीव वॉरंटी' कितपत धरून चालावी? ब्रँडची पाच आणि यांची दोन मिळून सात वर्षांची निश्चिंती, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि सर्व्हिसिंगला पाठवताना नेमके काय पाहावे?

तिसरा काटा

डॉक्टर, दुकानाची वाढीव वॉरंटी म्हटली की मी एकच प्रश्न विचारतो: घड्याळ उघडणार कोण? ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवून त्याचा खर्च दुकान सोसणार असेल, तर तिला अर्थ आहे. दुकानाचाच कारागीर उघडणार असेल, तर ब्रँडच्या मुदतीत तरी ते होऊ देऊ नये, कारण बाहेरच्याने घड्याळ उघडल्यावर ब्रँड हात वर करतो. मी स्वतः बाहेरचाच आहे, तरीही हे सांगतो. शिवाय वॉरंटी ही निर्मितीतल्या दोषासाठी असते. ठराविक वर्षांनी करायचे सर्व्हिसिंग, काच फुटणे, पाणी जाणे हे तिच्यात येत नाही. सातव्या वर्षी तुम्हाला बहुधा दुरुस्तीची नव्हे, तर सर्व्हिसिंगची गरज लागेल आणि ती या वॉरंटीत बसणार नाही.

ब्रँडच्या स्वतःच्या मुदती आधी पाहाव्यात. रोलेक्स आणि ओमेगा पाच वर्षांची वॉरंटी देतात. आयडब्ल्यूसी आणि जेजर-लकूल्त्र यांची मूळ वॉरंटी दोन वर्षांची असते, पण घड्याळाची ऑनलाइन नोंदणी केली की ती आठ वर्षांपर्यंत जाते. ओरिसच्या कॅलिबर ४०० यंत्राला नोंदणीनंतर दहा वर्षे मिळतात. अशी नोंदणी दुकानातच बसून करून घेणे ही खरी ग्राहकसेवा, आणि तिला खर्च शून्य आहे. नोंदणी न केल्यामुळे मिळणारी वर्षे गमावलेले ग्राहक माझ्याकडे येतात, तेव्हा दुकानदाराचाच राग येतो.

घड्याळ ताब्यात घेताना वॉरंटी कार्डावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, विक्रीची तारीख आणि विक्रेत्याचे नाव भरलेले असावे, आणि तोच क्रमांक जीएसटी बिलावरही छापून घ्यावा. चोरी झाली किंवा विम्याचा दावा करावा लागला, तर बिलावरचा क्रमांकच कामी येतो. तारीख बदलायची कशी आणि रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत ती का बदलू नये, हे विक्रेत्याने हातात घेऊन दाखवले पाहिजे. बऱ्याच यंत्रांत त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात आणि ओढाताण केली तर मोडतात.

सर्व्हिसिंगला देताना जॉबकार्डावर घड्याळाची सध्याची अवस्था लिहून घ्यावी. कुठे ओरखडा आहे, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाते, कोणत्या कड्या लावलेल्या आहेत, हे सर्व, आणि सोबत आपल्या मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो. पॉलिश करायचे की नाही, हे विचारल्याशिवाय करू नये, अशी सूचना ठळक लिहावी, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडे धातू जाते आणि धारदार कडा गोल होतात. नागपूरहून घड्याळ बाहेर जाणार असेल, तर प्रवासातला विमा कोणाच्या नावे आणि किती रकमेचा, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि परतीची तारीख. ती लिहायला दुकाने सर्वांत जास्त कां-कूं करतात.

गल्ल्यावरचा

परतीच्या तारखेबद्दल दुकानदारांची अडचण खरी असते, कारण सुटे भाग कधी येतील हे त्यांच्या हातात नसते. मात्र मधल्या काळात ग्राहकाने फोन करायचा की दुकानाने, हे निश्चितच त्यांच्या हातात असते. आमच्याकडे दर पंधरवड्याला आपणहून कळवायचा नियम होता आणि नुसत्या त्या नियमाने निम्मी भांडणे टळत होती.

धंतोलीकर

काल पुन्हा जाऊन आले आणि या वेळी यजमान घरीच राहिले. त्या तरुण विक्रेत्याबद्दल मी मालकांशी शांतपणे बोलले. त्यांनी त्याला बोलावून माझ्यासमोर रागावण्याऐवजी नंतर बोलतो असे सांगितले, ते मला आवडले.

वाइंडर, डबी, कुपन आणि वाढीव वॉरंटी या चारही गोष्टी मला नकोत, असे सांगितल्यावर ते प्रथम बुचकळ्यात पडले. त्याऐवजी बिलातून सूट, पाच वर्षे दरवर्षी पाणीबंद चाचणी, वॉरंटीत पाठवताना दोन्ही बाजूंचा विमा व वाहतूक दुकानाकडे, ब्रँडचा मूळ जादा पट्टा आणि माझ्यासमोर ऑनलाइन नोंदणी, एवढे मागितले. आठ टक्के शक्य नाहीत असे ते ठामपणे म्हणाले आणि बऱ्याच चर्चेनंतर ४ टक्क्यांवर आले, म्हणजे घड्याळ ६,१४,४०० रुपयांना पडेल. मुंबईपेक्षा हे २५,६०० रुपयांनी महाग आहे, पण चाचण्या आणि पट्टा धरला तर मला ते मान्य आहे. शिवाय दवाखान्यातून दहा मिनिटांत पोचता येते. बाकी सर्व लेटरहेडवर लिहून मिळाले. दुरुस्तीची मुदत मात्र लिहून द्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा मी गल्ल्यावरचा यांचा पंधरवड्याचा नियम सुचवला आणि तो त्यांनी लगेच लिहिला.

आता पट्टा निवडायचा राहिला आहे. चामड्याचा घ्यावा की रबरी?

सिव्हिल लाइन्स

त्या लेटरहेडवर दुकानाचा शिक्का, तारीख आणि बिल क्रमांक यांचा उल्लेख असल्याची खात्री करावी, एवढीच माझी भर. बिलावरही 'सोबतच्या पत्रातील अटींसह' असे एक वाक्य टाकायला सांगावे.

तिसरा काटा

डॉक्टर, रबरी घ्या. तुम्ही दिवसातून अनेकदा हात धुणार आणि आपल्याकडे मार्चपासून पावसाळ्यापर्यंत घाम काही थांबत नाही; चामडे एका उन्हाळ्यात काळे पडते आणि त्याला वास येऊ लागतो. लग्नसराईसाठी चामड्याचा हवाच असेल, तर तो नंतर सावकाश घेता येईल. फक्त रबरी पट्टा मूळ ब्रँडचा असेल, तर त्याच्या कुलपाचे माप विचारून घ्या, कारण काही पट्टे मापाने कापावे लागतात आणि एकदा कापला की परत होत नाही. कापण्याआधी तो हातावर लावून पाहा, आणि तेही दुपारी, सकाळी नव्हे.

धंतोलीकर

काका, शनिवारी दुपारी तीनची वेळ घेतली आहे. वकीलसाहेब, बिलावरचे ते वाक्यही त्याच वेळी घालून घेते.